एकच घराणं की चौफेर कान?

स्वतःचा आवाज सापडायला एकाच घराण्यात मुरावं, की चौफेर ऐकावं? हिंदुस्थानी शास्त्रीय गायनातली दोन नावं घ्या: केसरबाई केरकर आणि कुमार गंधर्व. दोघांचंही गाणं दोन सुरांत ओळखू येतं, पण घडण अगदी उलट.

केसरबाईंनी जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांची तालीम वर्षानुवर्षं घेतली आणि त्याच गायकीत मुरल्या. त्यांची भैरवी १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. मुख्यतः एकाच विहिरीचं पाणी पिऊनही स्वतःचा आवाज सापडतो, याला आणखी पुरावा कशाला?

कुमारांचं प्रकरण जास्त मजेशीर. लहानपणी ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून ते मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करत. म्हणजे भरपूर ऐकणं होतं, पण ती नक्कलच! पुढे संगीतशिक्षक बी. आर. देवधर मास्तरांकडे शिस्तशीर तालीम मिळाली, तीही एका घराण्याच्या कुंपणाबाहेरची. मग क्षयामुळे गाणं थांबलं. देवासला अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्याची लोकगीतं कानावर येत राहिली, आणि त्या धुनांतून मालवती, संजारीसारखे राग आले.

माझा कल कुमारांकडे. फक्त, आज दिवसभर रील्स, पॉडकास्ट आणि वेबसिरीज पाहून ‘मी चौफेर आहे’ म्हणणारे बहुतेक जण (मीही त्यांतलाच) अजून तबकड्यांच्याच टप्प्यावर आहेत. त्यांनी आधी केसरबाईंची वाट धरलेली बरी.