टीसीपी व्हेगास: काही महिन्यांच्या वापरानंतर, विशेषतः वर न सरकणाऱ्या त्या एका आकड्याबद्दल

रात्रीचा बॅकअप सकाळी अर्ध्यावरही पोचलेला नव्हता, म्हणून हे लिहायला घेतलंय. लाइन चालू होती, डिस्क ठीक होती, मशीन रिकामं होतं. अडकलं होतं ते फक्त व्हेगास (टीसीपीने किती वेगाने पाठवायचं हे ठरवणारी एक पद्धत) लावलेलं टीसीपी कनेक्शन. आणि हे सांगताना मला वाईट वाटतंय, कारण त्याआधीचे काही महिने या छोट्याशा कर्नल मॉड्यूलने मला इतकं सुख दिलं होतं की ओळखीच्या प्रत्येकाला मी त्याची शिफारस करत होतो.

अशा पद्धतींना कंजेशन कंट्रोल म्हणतात. लिनक्समध्ये नेहमीचा क्युबिक, तो पॅकेट हरवेपर्यंत वेग वाढवत जातो; व्हेगास उशीर वाढताना दिसला की आधीच थांबतो. माझी गरज साधी होती. अपलोड १० मेगाबिट, राउटरमध्ये भलामोठा बफर (पाठवायची पॅकेट जिथे रांगेत थांबतात ती जागा). बॅकअप सुरू झाला की पिंग, म्हणजे उत्तर परत यायला लागणारा वेळ, २० मिलिसेकंदांवरून ४०० च्या पुढे जायचा आणि दूरच्या मशीनवर टाइप केलेलं अक्षर दिसायला वाट बघावी लागायची. राउटर माझ्या ताब्यातला नाही, नाहीतर त्यावर एफक्यू-कोडेल किंवा केक (राउटरमधली रांग आटोक्यात ठेवणाऱ्या पद्धती) लावून विषय तिथेच मिटला असता. तुमच्या ताब्यात असेल तर आधी तेच करा, पुढचं वाचायची गरजही पडणार नाही. माझ्या हातात होतं ते फक्त पाठवणारं मशीन. कंजेशन कंट्रोल पाठवणाऱ्याच्या बाजूला चालतो, त्यामुळे डाउनलोडवर या सेटिंगचा काहीही परिणाम होत नाही. हे न समजल्यामुळे अनेक जण व्हेगास लावतात, स्पीड टेस्टचा डाउनलोडचा आकडा बघतात आणि 'काही फरक नाही' म्हणून काढून टाकतात.

व्हेगास लावला आणि बॅकअप पूर्ण वेगाने चालू असताना पिंग २५ च्या आसपास राहिला. अपलोडचा वेग जवळपास तोच. पहिल्या दिवशी माझा विश्वासच बसेना.

याचं गणित एका ओळीचं आहे. आरटीटी म्हणजे पॅकेट जाऊन त्याची पोच (ॲक) परत येईपर्यंतचा वेळ; आजवर दिसलेला सर्वांत कमी आरटीटी म्हणजे बेस आरटीटी. आत्ताचा आरटीटी त्याहून जितका जास्त, त्याला बेसने भागायचं आणि विंडोने (पोच यायच्या आधी एका वेळी वाटेत ठेवायची पॅकेट) गुणायचं. उत्तर येतं ते म्हणजे वाटेतल्या बफरमध्ये आपली किती पॅकेट ताटकळत उभी आहेत त्याचा अंदाज. दोनपेक्षा कमी असतील तर विंडो एकने वाढवायची, चारपेक्षा जास्त असतील तर एकने कमी करायची, मधे असेल तर हात लावायचा नाही. एका आरटीटीत एकच निर्णय. ब्रॅक्मो, ओ'मॅली आणि पीटरसन यांनी हे १९९४ मध्ये मांडलं, पुढच्या वर्षी त्याचा सविस्तर शोधनिबंध आला. मूळ व्हेगासमध्ये आणखी बराच पसारा होता: स्लो स्टार्टमध्ये (कनेक्शन सुरू होताना विंडो झपाट्याने वाढते तो टप्पा) एक आरटीटी सोडून एक आरटीटी वाढ, पॅकेट हरवल्याचं ओळखायची वेगळी पद्धत. लिनक्समध्ये आणताना हे सरळ काढून टाकलं. हरवलेली पॅकेट कर्नल नेहमीसारखीच हाताळतो, स्लो स्टार्ट दर आरटीटीला रेनोसारखाच (रेनो ही जुनी नेहमीची पद्धत) वाढतो, आणि डिलेड ॲकमुळे, म्हणजे पोच मुद्दाम थोडी उशिरा पाठवल्यामुळे, येणारा गोंधळ टाळायला त्या फेरीतला (एका आरटीटीतला) सर्वांत कमी आरटीटी धरतात, बस. सगळी फाईल साडेतीनशे ओळींच्या आत. चहा गार व्हायच्या आत वाचून होते, आणि वाचून झाल्यावर खरोखर समजलेली असते. कर्नलमधल्या फार थोड्या गोष्टींबद्दल असं म्हणता येईल.

पहिली तक्रार लवकरच आली. घरातल्या दुसऱ्या मशीनवरून क्युबिकने मोठी फाईल चढवायला घेतली की व्हेगास पार मागे हटायचा. क्युबिक बफर भरतो, त्यामुळे आरटीटी चढतो. व्हेगासला वाटतं ही गर्दी आपलीच, आणि तो माघार घेत राहतो. जुन्या चर्चांमध्ये व्हेगास मागे पडण्याचं हेच कारण सांगितलं जातं. सुरुवातीला मलाही हा मोठा दोष वाटला. काही आठवड्यांनी मत पूर्ण बदललं. बॅकअपने नेमकं असंच वागायला हवं ना! माणूस काहीतरी पाठवतोय तोवर बाजूला व्हायचं, त्याचं झालं की पुन्हा सगळी लाइन घ्यायची. मग मी अख्ख्या मशीनचं सेटिंग परत क्युबिकवर नेलं आणि फक्त बॅकअप सर्व्हरच्या रूटवर व्हेगास लावला. आयपी रूटमध्ये ती सोय आहे, ॲप्लिकेशनला हात लावावा लागत नाही.

आता त्या रात्रीबद्दल. बॅकअप टनेलमधून (इंटरनेटवरून दोन ठिकाणं जोडणाऱ्या आभासी वाटेतून) जातो आणि टनेलला खाली दोन लाइन आहेत. रात्री पहिली पडली, टनेल दुसरीवर गेला. दुसरीही १० मेगाबिटचीच, फक्त वाट लांबची: २० मिलिसेकंदांऐवजी ६०. टनेलच्या आतलं टीसीपी कनेक्शन तुटलं नाही, तेच चालू राहिलं. आणि त्याच्या पोटात बेस आरटीटी २० च राहिला.

कोडमध्ये बघा. नवा आरटीटी बेसपेक्षा कमी असेल तर बेस खाली येतो. डेटा सलग जात असेल तर वर जायची वाट कुठेच नाही. मधे शांतता पडून कनेक्शन पुन्हा सुरू झालं तरच बेससकट सगळे आकडे पुसले जातात, आणि सलग चालणाऱ्या बॅकअपमध्ये तशी शांतता पडत नाही. २० आणि ६० वरच्या सूत्रात घाला: विंडोच्या दुप्पट पॅकेट बफरमध्ये उभी आहेत असं उत्तर येतं, जे शक्यच नाही. तरी व्हेगास त्यावर विश्वास ठेवून दर फेरीला एकेक पॅकेट कमी करत जातो. एका फेरीत दोनपेक्षा जास्त ॲक आले नाहीत तर तो तात्पुरता रेनोसारखा वागून थोडा वाढतो, मग परत खाली येतो. एसएस कमांडने (चालू कनेक्शनची स्थिती दाखवणारी) पाहिलं तेव्हा विंडो चारच्या आसपास घुटमळत होती. चार पॅकेट, प्रत्येकी १४४८ बाइट, ६० मिलिसेकंदांत एकदा: सेकंदाला ९७ किलोबाइटसुद्धा नाही. ती लाइन भरायला ५० च्या वर पॅकेट लागली असती. रिकाम्या लाइनवर पावपट सोडा, दहावा हिस्साही वेग नाही, आणि पाठवणं मधे थांबेपर्यंत किंवा कनेक्शन बंद करून परत सुरू करेपर्यंत ते असंच राहणार. माझी चिडचीड झाली ती याची. ही अडचण काही नवी नाही, व्हेगासवर लिहिणाऱ्यांनी ती फार पूर्वीच दाखवून दिली आहे, आणि तरी फाईलमध्ये तिच्यासाठी एक ओळ नाही.

कर्नलमधले दुसरे कंजेशन कंट्रोलही वापरून पाहिले. बीबीआर किमान आरटीटीला १० सेकंदांनी जुना मानतो आणि मग २०० मिलिसेकंद विंडो चार पॅकेटवर आणून नव्याने मोजतो. रूट बदलला की तो लगेच सावरतो. पण फाईल हजाराहून जास्त ओळींची, आणि तो क्युबिकसमोर आपला वाटा सोडत नाही, म्हणजे माझ्या बॅकअपसाठी उलटंच. सीडीजी तर बेस ठेवतच नाही, आरटीटी चढतोय की उतरतोय एवढंच बघतो. कल्पना मला फार आवडली. मात्र मागे हटायचं की नाही हे तो संभाव्यतेने ठरवतो, त्यासाठी घातांकी फलन लागतं, कर्नलमध्ये फ्लोटिंग पॉइंट वापरत नाहीत, म्हणून कोष्टक आलं, त्याबरोबर सावली विंडो (मागे हटलो नसतो तर विंडो किती असती त्याचा हिशेब) आली. ब्रॅक्मो यांनीच नंतर लिहिलेला एनव्ही बेस अधूनमधून नव्याने मोजतो, पण तो डेटा सेंटरसाठी आहे आणि फाईलच्या सुरुवातीलाच दहाहून जास्त ठरवायचे आकडे.

मग व्हेगासलाच पॅच करायला बसलो. आधी बीबीआरसारखा टायमर: बेस ठरावीक वेळेनंतर जुना झाला की विंडो उतरवायची आणि नव्याने मोजायचं. रूट बदलाचा प्रश्न सुटला. पण दुसऱ्या मशीनवर क्युबिकचं लांबलचक अपलोड चालू असताना व्हेगासने ४०० मिलिसेकंद हाच नवा बेस मानला आणि भरलेल्या बफरमध्ये आणखी पॅकेट कोंबायला लागला. आपली रांग उपसता येते, दुसऱ्याची नाही. म्हणजे मला राग आणणारा तो वर न जाणारा आकडाच व्हेगासला बाजूला व्हायला लावतो. दोष आणि गुण दोन्ही एकाच ओळीत. केवळ आरटीटी बघून रूट लांबला की दुसऱ्याने बफर भरला हे ओळखता येत नाही, मग टायमर कितीही हुशार करा.

म्हणून टायमर काढून टाकला. लाइन पडून टनेल दुसरीकडे जातो तेव्हा मधली पॅकेट हरवतात आणि टीसीपीचा टाइमआउट (पोच वेळेत न आल्याने) होतोच. टाइमआउटची खबर कर्नल व्हेगासला आधीपासून देतो, स्थिती बदलताना जे फंक्शन बोलावलं जातं त्यात. तिथे एक अट घातली: स्थिती लॉस असेल तर बेस आरटीटी परत कमाल मूल्यावर न्यायचा. नवं फील्ड नाही, टायमर नाही, नवा पॅरामीटर नाही. त्यानंतर मुद्दाम पहिली लाइन काढून पाहिलं. टाइमआउट झाला, विंडो एकवर गेली, बेस ६० शिकला आणि थोड्या वेळात लाइन भरली. क्युबिकसमोर बाजूला होणं पूर्वीसारखंच.

यात उरलेल्या फटी सांगायला हव्यात. एकही पॅकेट न हरवता रूट लांबला तर हा पॅच काही करत नाही. दुसऱ्याने बफर भरलेला असतानाच टाइमआउट झाला तर बेस फुगलेला शिकला जातो आणि क्युबिक थांबून रांग उपसली जाईपर्यंत तसाच राहतो. पहिली गोष्ट माझ्या मांडणीत क्वचितच होईल, दुसरी आपोआप सुधारते, कारण आकडा खाली यायला मोकळाच आहे.

एकाच वेळी अनेक व्हेगास कनेक्शन चालवणार असाल तर वेगळा हिशेब करा. प्रत्येक जण दोन ते चार पॅकेट बफरमध्ये ठेवतो. तीन कनेक्शन आधीपासून चालू असतील तर १२ पर्यंत पॅकेट, १० मेगाबिटवर साधारण १४ मिलिसेकंद. चौथं कनेक्शन तेवढी रांग बेसमध्ये धरूनच सुरू होतं आणि इतरांपेक्षा जास्त वाटा घेतं. बॅकअप मी आता एकाच कनेक्शनने पाठवतो.

पॅच केलेलं मॉड्यूल वेगळ्या नावाने बांधलंय, म्हणजे मूळ व्हेगासही हाताशी राहतो आणि दोन्हींची तुलना एका कमांडने होते. कर्नल अपडेट झाला की ते परत बांधावं लागतं, आणि ते मी करतो.