हर्णै-आंजर्ले परिसरातील शिकारी पक्ष्यांची सहल

जानेवारीत दापोलीच्या एका स्थानिक मार्गदर्शकांबरोबर आम्ही ही एक दिवसाची सहल केली, आणि पक्षी नुसते मोजण्यापेक्षा समजून घ्यावेत असे ज्यांना वाटते त्यांना ती मी मनापासून सुचवेन. सकाळी आंजर्ल्याच्या खाडीवर ओहोटीच्या पाण्यावर कैकर घिरट्या घालत होता. हिवाळ्यात येणारा हा पाहुणा जवळजवळ केवळ मासेच खातो, पाय पुढे करून पाण्यात झेपावतो, आणि त्याचे बाहेरचे बोट मागे वळत असल्यामुळे निसरडा मासाही पुढच्या-मागच्या नख्यांच्या पकडीतून सहसा सुटत नाही.

समुद्रगरुडाची जोडी तेच घरटे डागडुजी करून वर्षानुवर्षे वापरते. म्हणूनच मार्गदर्शकांनी आम्हाला घरटे असलेल्या झाडापासून बरेच दूर थांबवले, आणि एका सहप्रवाशाने जवळून छायाचित्र काढण्याचा आग्रह धरला तरी ते बधले नाहीत. माझ्या दृष्टीने सहलीची खरी किंमत या शिस्तीत आहे.

उणीव सांगायची तर नऊ जणांत एकच मोठी दुर्बीण होती, त्यामुळे स्वतःची अवश्य न्यावी. हर्णै बंदरात मासळीच्या लिलावाच्या वेळी पांढऱ्या डोक्याच्या, विटकरी अंगाच्या ब्राह्मणी घारी अगदी डोक्यावरून फिरतात, पण तिथे जेमतेम वीस मिनिटे मिळाली. नोंदणी करतानाच संध्याकाळी तिथे तासभर थांबण्याचे ठरवून घ्यावे.