२८० रुपये किलोचा कुपा

स्टार द्यायचे तर मासे विकणाऱ्या मावशीला पाच, माशाला साडेतीन आणि बुधवारी रात्री मी तळलेल्या तुकड्यांना एक. त्या एकात माशाचा काही दोष नाही, तो माझा.

डोंबिवलीत बुधवारी संध्याकाळी बाजारात गेले तेव्हा सुरमई अकराशे रुपये किलो होती. शेजारच्याच पाटीवर दोन किलोचा एक काळानिळा, तोफगोळ्यासारखा गच्च मासा पडून होता आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. कुपा. कुणी याला गेदर म्हणतं, टूनाचीच एक जात. मी वेंगुर्ल्याची, त्यामुळे ओळख जुनी, पण लग्नानंतर बावीस वर्षं हा मासा माझ्या स्वयंपाकघरात आलेला नाही. सासूबाई दादरच्या. त्यांच्या लेखी मासे तीनच: पापलेट, सुरमई, हलवा. कुप्याला त्या "रक्ताळ मासा" म्हणतात आणि नाक मुरडतात.

गंमत म्हणजे सुरमई, बांगडा आणि कुपा एकाच कुळातले. कुप्याचं मांस लाल, कारण हा गडी आयुष्यभर पोहतच असतो. पोहायचं थांबला तर कल्ल्यांतून पाणी वाहत नाही आणि त्याचा श्वासच अडतो. एवढी मेहनत करणाऱ्याचं अंग पापलेटासारखं पांढरं आणि मऊ कसं असेल? याच अंगमेहनतीमुळे हौशी गळवाले त्याच्यावर खूश असतात. गळाला लागला की दोरी सुसाट ओढतो म्हणे. पण पकडणारे जेवढे खूश, तेवढे खाणारे नाहीत.

मी बिचकत होते त्याला दुसरंही कारण होतं. गेल्या वर्षी एका अ‍ॅपवरून टूनाचे स्टेक मागवले होते. पाकीट आलं ते कोमट. मी तरी धुऊन, मसाला लावून तळले. जेवण होऊन अर्धा तास झाला नाही तोच नवऱ्याचा चेहरा टोमॅटोसारखा लाल, डोकं ठणकतंय, छातीवर गांध्या. आम्ही समजलो माशाची अ‍ॅलर्जी. डॉक्टरांनी सांगितलं, अ‍ॅलर्जी नव्हे, हिस्टामिन. कुपा-बांगड्याच्या जातीचा मासा बर्फाविना राहिला की त्याच्या मांसात ते तयार होतं. एकदा झालं की तळून जात नाही, उकळून जात नाही, फ्रीझरमध्ये ठेवूनही जात नाही. वासावरून कळेलच असंही नाही. गोळी घेऊन नवरा दुपारपर्यंत ठीक झाला. अ‍ॅपवाल्यांनी पन्नास रुपयांचं कूपन पाठवलं.

म्हणून या मावशीचं कौतुक. कुपा पाटीवर होता तो नुसता दाखवायला नव्हे, खाली-वर बर्फाचा चुरा होता. मी बोट लावून बघितलं, हाताला कळ येईल इतका गार. "बग ना बाय, सकालचाच हाय," म्हणत तिने कल्ले उघडून दाखवले. लालभडक. डोळा फुगीर, पोट घट्ट. छातीच्या पराखाली तीन-चार काळे ठिपके आणि पाठीवर वेड्यावाकड्या तिरक्या रेघा, म्हणजे कुपाच, दुसरा कुठला टूना नव्हे.

खरी परीक्षा कापताना. सुरमईसारख्या गोल तुकड्या करून देणारे खूप, पण तशा केल्या की मधला काळपट पट्टा प्रत्येक तुकडीत येतो, आणि कुप्याला बदनाम करतो तो हाच. मी म्हटलं, "मावशी, उभ्या चार फाका करा आणि मधलं काळं काढून टाका." तिने माझ्याकडे नीट बघितलं. "म्हंजे खातेस तू." मग कोयत्याने कण्याच्या दोन्ही बाजूंनी अशा सफाईने फाका काढल्या की मी बघतच राहिले. काळं मांस वेगळ्या पिशवीत घालून दिलं, "मांजरीला ने." कापायचे चाळीस रुपये घेतले. घरी पोहोचेपर्यंत लागेल म्हणून मूठभर बर्फ फुकट.

आता हिशोब, कारण २८० हा आकडा फसवा आहे. दोन किलोचे ५६०, कापायचे ४०. डोकं, शेपूट, काटा, आतडी, काळं मांस जाऊन हातात आलं किलोभर. म्हणजे ६०० रुपये किलो. तरी सुरमईचंही डोकं-शेपूट वजा केलंत तर हा निम्म्याच्या आतच पडतो.

बुधवारी रात्री उत्साहात पातळ कापून, आलं-लसूण, लाल तिखट, रवा लावून सुरमईसारखं निवांत तळलं. एका बाजूला चार मिनिटं, दुसऱ्या बाजूला चार. ताटात पडलं ते लाकूड. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त दोनदा पाणी मागितलं. कुप्याला पापुद्र्यात चरबी नाही, तो जास्त आच सोसत नाही. दुसऱ्या दिवशी बोटभर जाडीची एकच तुकडी कडकडीत तव्यावर दोन-दोन मिनिटं टाकून बघितली. आतपर्यंत शिजलेली, तरी ओलसर. तळायचा तर असाच.

गुरुवारी तिखलं, म्हणजे आमच्याकडचं तिखट कालवण, केलं आणि इथे कुपा आपल्या घरी आला. बांगड्याचं करतो तसंच: भिजवलेल्या सुक्या मिरच्या, धणे, हळद, थोडंसंच ओलं खोबरं बारीक वाटून, पाच-सहा आमसुलं, आणि तिरफळं बिया काढून, ठेचून. कांदा नाही, फोडणी नाही. रस उकळला की मग तुकडे सोडायचे, पाच मिनिटांत गॅस बंद, वरून चमचाभर कच्चं खोबरेल. तिरफळासमोर कुप्याचा उग्रपणा मान खाली घालून बसतो. पापलेटाला तिरफळ घातलंत तर पापलेट हरवून जातं, याचं तसं होत नाही.

उरलेल्या एका फाकेची बातमी शेजारच्या चेचींना लागली. त्या केरळातल्या कोल्लमच्या. त्यांच्याकडे याचं नाव चूरा, आणि त्याला नाक मुरडणारा माणूस त्यांना माहीतच नाही. त्यांनी मातीच्या चट्टीत कुडमपुळी घालून लालबुंद कालवण केलं. कुडमपुळी म्हणजे आपल्या कोकमाचीच चुलत बहीण, पण धुराचा वास असलेली. "आज नका खाऊ, उद्या खा," म्हणाल्या. शुक्रवारी दुपारी खाल्लं आणि तिखल्याचा माझा गर्व थोडा उतरला.

तळून लाकूड झालेले तुकडेही वाया गेले नाहीत. कुस्करून, भरपूर कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून परतले. नवऱ्याने डब्याला नेले. सासूबाईंनी मात्र अजून कुप्याला मासा म्हटलेलं नाही.

दीड स्टार कापला तो एवढ्यासाठी, की हा मासा चूक माफ करत नाही. उन्हात पडला तर धोक्याचा, दोन मिनिटं जास्त शिजला तर भुसा. बर्फ दिसला नाही तर १०० रुपयांनी दिला तरी घेऊ नका. मावशी बुधवारी आणि शुक्रवारी पाचनंतर बसतात. रविवारीही असतात, पण गर्दीत फाका काढून देत नाहीत, सरळ गोल तुकड्या मारतात.