लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉप घेताना

लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी लॅपटॉप हवा होता. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनपासून चालत लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातल्या एका छोट्या दुकानात गेलो. मालकांनी बजेट नंतर विचारलं, आधी "ताई, त्यावर काय काय चालवणार?" हा प्रश्न. मागच्या वर्षीचं मॉडेल ऑनलाइन सेलपेक्षा स्वस्तात दिलं, शिवाय आमच्यासमोर खालचं झाकण उघडून ८ जीबी रॅम वाढवली. बारीक स्क्रू हरवू नयेत म्हणून चुंबकाच्या वाटीत ठेवत होते, ते फार आवडलं. बिलाशिवाय स्वस्त देणारेही इथे भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. १८ टक्के जीएसटीचं पक्कं बिल घ्या, खोक्यावरचा आणि मशीनच्या पाठीवरचा सिरीयल नंबर जुळवा, मगच पैसे द्या. रविवारी बरीच दुकानं बंद असतात.