टर्नटेबलखाली काय ठेवावं: स्पाइक, सोर्बोथेन, स्प्रिंग की भिंतीवरचं शेल्फ?

टर्नटेबलवर (तबकड्या वाजवणाऱ्या यंत्रावर) खोलीत कुणी चाललं की सुई उडते, की आवाज वाढवल्यावर बासमध्ये घुमारा धरतो? खरेदीआधी हे तपासा. मोटर बंद ठेवून थांबलेल्या तबकडीवर सुई टेकवा, आवाज शून्यापासून सावकाश नेहमीच्या पातळीवर आणा आणि शेल्फवर बोटाने टिचकी मारा. मग जवळून चाला. टिचकीचा ठण्ण स्पीकरमधून आला, तर शेल्फ वाजतंय. पावलांबरोबर वूफर (बासचा मोठा स्पीकर) आत-बाहेर हलला, तर दोष जमिनीचा. दोन्हींत काहीच झालं नाही आणि घुमारा फक्त मोठ्या आवाजात येत असेल, तर तो बहुधा हवेतून येतोय. त्यावर टर्नटेबलच्या पायांखाली ठेवायची कोणतीच वस्तू चालत नाही. टर्नटेबल कोपऱ्यातून आणि स्पीकरपासून दूर हलवणं हाच इलाज.

स्पाइक, म्हणजे धातूचे टोकदार पाय, कंप अडवत नाहीत, उलट दोन वस्तू घट्ट जोडतात. गालिच्यावर उभे स्पीकर डुलू नयेत म्हणून ते उत्तम, पण टर्नटेबलखाली त्यांच्यावर पैसे घालू नयेत.

सोर्बोथेनचे (कंप शोषणाऱ्या मऊ, रबरासारख्या पदार्थाचे) अर्धगोल सोपे पडतात, पण खरेदी नेहमी मापाने फसते. प्रत्येक अर्धगोल वजनाखाली आपल्या उंचीच्या 10 ते 20 टक्के दबायला हवा. कमी दबला तर तो नुसता रबराचा तुकडा, जास्त दबला तर पसरून निकामी. योग्य दबला तरी 12 मिमी उंचीचा अर्धगोल जेमतेम 2 मिमी बसतो. एवढ्यावर शेल्फचा ठण्ण कमी होतो, पावलांचा हादरा तसाच राहतो. शिवाय पॉलिश केलेल्या लाकडावर याचे डाग पडतात, म्हणून खाली काचेची चकती हवीच. मधून कापलेले स्क्वॉशचे चेंडू हा स्वस्त पर्याय आहे, पण ते वजनाखाली हळूहळू चपटे होतात.

पावलांवर खरा उपाय स्प्रिंगचा, आणि इथे हिशेब चुकवून चालत नाही. स्प्रिंग वजनाखाली किती मिलिमीटर बसते, त्याचं वर्गमूळ काढा आणि 15.8 ला त्याने भागा. ही तिची स्वतःची कंपनसंख्या, हर्ट्झमध्ये. 15 मिमी बसली तर 4 हर्ट्झ, 4 मिमी बसली तर 8. या आकड्याच्या 1.4 पटीच्या वरचेच कंप अडतात, खुद्द त्या आकड्याजवळचे तर वाढतात. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाची, सुई बसवलेली डबी) मिळून साधारण 8 ते 12 हर्ट्झला डोलतात. म्हणजे 4 मिमी बसणारी कडक स्प्रिंग नेमका नको तो कंप वाढवून सुईला देते. ‘स्प्रिंग लावल्या आणि आवाज बिघडला’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

प्रत्यक्षात असं करा. 45 × 35 सेंमीची, 18 मिमी जाड ग्रॅनाइटची फळी घ्या आणि स्प्रिंगांवर ठेवा. वजन सुमारे 7.5 किलो. वर 6 किलोचं टर्नटेबल धरलं तर चार स्प्रिंगांवर प्रत्येकी जवळपास 3.4 किलो येतात. दर मिलिमीटरला सुमारे सव्वादोनशे ग्रॅम घेणारी स्प्रिंग मागा, ती 15 मिमी बसेल. स्प्रिंग उंच आणि अरुंद नको, बाजूला कलंडते. आत मऊ स्पंजचा तुकडा सरकवा, नाहीतर धक्का लागल्यावर फळी डोलत राहते. मोटर किंवा ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असतो, म्हणून वर पाणसळ ठेवून स्प्रिंगा जड बाजूकडे सरकवत फळी समतल करा.

लाकडी तक्तपोशीचा जुना वाडा असेल किंवा स्लॅबच हलत असेल, तर स्प्रिंगांपेक्षा भिंतीवरचं शेल्फ सरस. त्यात पावलांचा मार्गच तुटतो. नऊ इंची विटेची भिंत उत्तम. एएसी ब्लॉकला (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटेला) त्याच्यासाठीचेच प्लग लावा, साधा अँकर फास्टनर त्यात ढिला होतो. जिप्समच्या पार्टिशनवर लावूच नका, आणि दार आपटणारी भिंतही टाळा. फळी हलकी आणि ताठ हवी. इथे ग्रॅनाइट घातलं तर ब्रॅकेटवर नाहक भार.

लिन सोंडेक, थोरेन्स टीडी 150 किंवा 1961 चं एआर एक्सए या टर्नटेबलांत स्प्रिंग आधीच आहेत. खाली आणखी स्प्रिंग घातल्या तर दोन झोके एकमेकांत अडकतात, म्हणून यांना सरळ भिंतच द्यावी. भाड्याच्या घरात भोकं पाडता येत नसतील आणि टर्नटेबल बिनस्प्रिंगचं असेल, तर ग्रॅनाइट आणि स्प्रिंगचीच जोडी घ्या. जमीन पक्की असून फक्त टिचकी ऐकू येत असेल, तर सोर्बोथेन पुरे. सीडी प्लेअर आणि ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरखाली काही लागत नाही. व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) प्रीअॅम्पला मात्र टिचकी मारून पाहा.

स्प्रिंगांवर बसवल्यावर मागच्या वायरी तपासा. जाड, ताणलेली केबल फळीला एका बाजूने धरून ठेवते आणि हादरा तिच्यातूनच वर जातो. प्रत्येक वायरीला सैल वेढा द्या, ग्राउंडच्या वायरीलाही.