कांगडा ग्रीन टी: कडू ग्रीन टीला वैतागलेल्यांनी हा एकदा घेऊन बघाच

सुरुवातीलाच सांगून टाकते, हिमाचल प्रदेशातल्या कांगड्याचा लूज लीफ (म्हणजे टी बॅगमधला नाही, सुट्या पानांचा) ग्रीन टी मला प्रचंड आवडलाय आणि आता आमच्याकडे एक पाकीट संपायच्या आत दुसरं मागवलेलं असतं. हा रिव्ह्यू कुठल्या एका कंपनीचा नाही, कारण पालमपूर, बैजनाथ, धर्मशाळा या भागातल्या वेगवेगळ्या बागांचा माल मी घेतलाय आणि थोडंफार उन्नीस-बीस सोडलं तर सगळ्यांची जात एकच आहे. ज्यांना ग्रीन टी म्हटलं की टी बॅग, त्यावर उकळतं पाणी, वरून मध-लिंबू आणि नाक दाबून गिळणं एवढंच आठवतं त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितेय, कारण मला खरंच वाटतं की आपल्याकडे बऱ्याच लोकांच्या वाट्याला चांगला ग्रीन टी कधी आलेलाच नाही आणि तरी "आपल्याला नाय बा आवडत" हे मात्र पक्कं ठरलेलं असतं.

पाकीट फोडलं की आधी पानं हातावर घेऊन बघा. चांगल्या कांगड्याची पानं बारीक, लांबट, पीळ बसलेली असतात, रंग काळपट हिरवा, त्यात कुठे कुठे करडी झाक. बोटांत दाबली की कुरकुरीत तुटायला हवीत, नुसती वाकली तर ओल धरलीय समजा. गरम पाण्यात पडली की हळूहळू पीळ सुटतो आणि गाळून झाल्यावर गाळणीत जे उरतं ते बघण्यासारखं असतं, कोवळं हिरवं पान, कधी कधी तर दोन पानं आणि मधली कळी देठासकट जशी खुडली तशी. एखादी स्वस्त टी बॅग कापून बघा म्हणजे फरक कळेल, आत बारीक चुरा आणि भुकटी असते, भुकटीला पाणी सगळीकडून लागतं त्यामुळे तिच्यातला कडूपणा झटकन उतरतो आणि सुगंध तर पॅक व्हायच्या आधीच निम्मा उडालेला असतो.

चव सांगायची तर रंग अगदी फिकट, पिवळसर सोनेरी, आणि वास येतो तो ओल्या भुईमुगाच्या शेंगा उकडताना येतो ना त्याच्या जवळपासचा. पहिला घोट मऊ लागतो, मग घशाशी किंचित तुरटपणा, आणि गिळून झाल्यावर जरा वेळाने जिभेच्या मागच्या बाजूला गोडसर काहीतरी रेंगाळतं, ते मला सगळ्यात जास्त आवडतं. साखर, मध काही लागत नाही. आमचे सासरे म्हणजे दूध-आलं-साखर घालून खळखळ उकळलेल्या चहाचे भक्त, पहिल्यांदा कप हातात दिला तर म्हणाले, "अगं, ह्यात चहा कुठाय?" मी म्हटलं, "बाबा, अर्धा कप तरी घ्या, मग बोला." आता दुपारी झोपून उठले की स्वतःच मागतात, सकाळचा त्यांचा चहा मात्र दुधाचाच आणि तो तसाच असू दे, माझं काही म्हणणं नाही, दोन्हीची जागा वेगळी आहे.

हा चहा इतका मऊ का लागतो याचं मोठं कारण झाड. चहाचं झाड मुळात एकच, ग्रीन, ब्लॅक, ऊलाँग सगळे त्याच कॅमेलिया सायनेन्सिसचे, पण त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत, मोठ्या पानाचा आसामी आणि लहान पानाचा चिनी. आपल्या अमृततुल्यातली दाणेदार सीटीसी (यंत्रात चुरडून दाणे केलेली चहापत्ती) बहुतेक करून आसामकडची, दूध-साखरेला पुरून उरणारी कडक. कांगड्यात मात्र चिनी जातीची झुडपं आहेत. सहारनपूरच्या बोटॅनिकल गार्डनचे सुपरिंटेंडंट डॉ. जेमसन यांनी १८४९ च्या सुमारास ती तिथे लावली, धौलाधार डोंगररांगेच्या पायथ्याशी भरपूर पाऊस आणि थंडी दोन्ही असल्यामुळे ती रुजली आणि तिथला ग्रीन टी अमृतसरच्या बाजारातून पार काबूल आणि मध्य आशियापर्यंत जायचा. मग ४ एप्रिल १९०५ ला कांगड्याचा तो भयंकर भूकंप झाला, वीस हजारांच्या आसपास माणसं गेली, बागा आणि कारखाने जमीनदोस्त झाले, बरेच ब्रिटिश मळेवाले बागा विकून निघून गेले आणि त्यानंतर या चहाला जुने दिवस आलेच नाहीत. २००५ मध्ये जीआय (म्हणजे त्याच भागातल्या मालाला ते नाव लावता यावं यासाठीची सरकारी नोंद) मिळाला, २०२३ मध्ये युरोपियन युनियननेही ते नाव संरक्षित केलं, पण आज देशातल्या एकूण चहात कांगड्याचा वाटा एक टक्कासुद्धा नाही. आपल्याकडच्या दुकानात दार्जिलिंग मिळतो, आसाम मिळतो, कांगडा मागितला तर दुकानदार आपल्याकडेच बघत बसतो. हे मला मनापासून वाईट वाटतं म्हणून एवढं लिहिलं.

आता करायचा कसा, कारण इथेच सगळे गडबडतात आणि चहाला नावं ठेवतात. ग्रीन टी उकळायचा नाही, आणि त्याच्यावर उकळतं पाणीही ओतायचं नाही. पानं खुडल्या खुडल्या गरम करून आतली काळं पडायची प्रक्रिया थांबवलेली असते, म्हणून तो हिरवा राहतो, आणि त्यात कॅटेचिन नावाची जी द्रव्यं जशीच्या तशी शिल्लक असतात ती फार गरम पाण्यात भराभर सुटतात आणि चहा कडू-तुरट होतो, तर गोडवा देणारी अमिनो आम्लं मात्र कमी गरम पाण्यातही छान उतरतात. म्हणून पाणी ७५ ते ८० डिग्री. थर्मामीटर असलाच पाहिजे असं काही नाही, पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरायला लागले आणि वाफ निघायला लागली की गॅस बंद, किंवा पाणी उकळलं असेल तर दुसऱ्या थंड भांड्यात ओता, तिथून परत कपात ओता, प्रत्येक ओतण्याला साधारण आठ-दहा डिग्री उतरतात, झालं काम.

प्रमाण म्हणाल तर दीडशे ते दोनशे मिली पाण्याला दोन ग्रॅम पानं, म्हणजे साधारण एक भरलेला चहाचा चमचा, पण पानं मोठी असली तर चमच्यात कमी मावतात म्हणून एकदा काट्यावर मोजून अंदाज घ्या. दोन मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. कपातच पानं ठेवून गप्पा मारत बसलात तर शेवटचे घोट कडू लागणार. आणि हो, पानं फेकू नका! दुसऱ्यांदा पाणी जरा जास्त गरम घ्या, वेळ थोडा जास्त द्या, दुसरा कप मस्त होतो, मला तर कधी कधी पहिल्यापेक्षा दुसराच बरा वाटतो कारण तुरटपणा गेलेला असतो. या दुसऱ्या कपात गवती चहाची एखादी पात चुरडून टाकली तर फारच छान, पहिल्यात मात्र नका टाकू, गवती चहाचा वास इतका जोरकस असतो की कांगड्याचं स्वतःचं काही उरत नाही.

पाण्याबद्दल कोणी बोलत नाही पण माझ्या मते निम्मा खेळ पाण्याचा आहे. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं आणि टँकरचं पाणी येतं, त्या जड पाण्यात हाच चहा मळकट दिसतो, वर तवंग धरतो आणि चव एकदम सपाट होते. फिल्टरच्या पाण्यात केला की परत जिवंत. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल आणि ग्रीन टी आवडला नसेल तर चहाला दोष द्यायच्या आधी एकदा पाणी बदलून बघा.

खरेदीचा अनुभव मात्र सगळीकडे चांगला नाही. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेलं पाकीट उघडलं तर पानं तपकिरी पडलेली, वास जुन्या कपाटासारखा, आणि पॅकिंगच्या तारखेवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं. तक्रार केली तर म्हणे नॅचरल प्रॉडक्ट आहे, बॅचप्रमाणे रंग बदलतो. रंग थोडा बदलतो हे खरंय पण ग्रीन टी तपकिरी होत नाही हो, तपकिरी झाला म्हणजे शिळा झाला. दार्जिलिंगचा ब्लॅक टी नीट ठेवला तर बराच काळ टिकतो, ग्रीन टी नाजूक असतो, उजेड, हवा, ओलावा तिन्ही त्याला मारतात. म्हणून घेताना पॅकिंगची तारीख बघायचीच आणि शक्य असेल तर एप्रिलची तोडणी मागायची. थंडीत झुडपं झोपलेली असतात आणि वसंतात जी पहिली पालवी फुटते तिची चव सगळ्यात दाट असते, पावसाळ्यातली पानं भराभर वाढतात पण चवीला पातळ. काचेच्या बरणीत ओट्यावर सजवून ठेवू नका, आपल्याकडे तर बाजूलाच मसाल्याचा डबा असतो आणि चहा वास पटकन ओढतो. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, आणि तो गॅसपासून लांब.

किंमत ऐकून लोक दचकतात पण हिशोब करून बघा. १०० ग्रॅमचं पाकीट ४०० रुपयांचं धरलं, कपाला दोन ग्रॅम, तर पन्नास कप होतात, म्हणजे कपाला आठ रुपये, आणि त्याच पानांचा दुसरा कप केला तर चार. बाहेरच्या कटिंगपेक्षा हे काही महाग नाही.

ज्यांना कांगडासुद्धा गवतासारखा लागतो (असतात असे, माझी बहीणच आहे), त्यांनी ग्रीन टीचा हट्ट सोडून दार्जिलिंगचा फर्स्ट फ्लश घ्यावा. वर्षातली पहिली, मार्च-एप्रिलमधली तोडणी, नावाला ब्लॅक टी पण कपात फिकट सोनेरी, फुलांसारखा सुगंध, पाणी ९० च्या आसपास, तीन मिनिटं, दूध अजिबात नाही. सेंचा हा जपानी ग्रीन टी मात्र नवख्या माणसाला मी सुचवणार नाही. तिकडे पानं वाफवतात, चीनमध्ये कढईत परततात, वाफवल्यामुळे सेंचाला पालेभाजीसारखी, थोडी समुद्री चव येते, मला ती आवडते पण पाणी ७० डिग्रीच्या वर गेलं की तो लगेच रुसतो आणि किंमतही बरीच. पाहुणे आले तर कांगड्याचाच काहवा करा, काश्मिरी पद्धतीने दालचिनी-वेलची पाण्यात उकळायची, गॅस बंद करून मिनिटभराने पानं टाकायची, गाळून वर केशराच्या दोन काड्या आणि बदामाचे काप. ज्यांना बिनदुधाचा चहा म्हणजे आजारपण वाटतं तेसुद्धा हा दुसऱ्यांदा मागतात.

वजनाचं विचारणारे असणारच, तर वजन कमी करायला म्हणून घेऊ नका, अभ्यासात जो काही परिणाम दिसलाय तो फार किरकोळ आहे आणि नुसता ग्रीन टी पिऊन पोट उतरत नाही. ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टच्या गोळ्यांपासून तर लांबच रहा, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितलंय की रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य कॅटेचिन) सप्लिमेंटमधून घेतलं तर यकृतावर ताण आल्याची लक्षणं दिसू शकतात. साधा पाण्यात केलेला चहा ही वेगळी गोष्ट. मात्र जेवणाबरोबर कुठलाच चहा नको, भाजी-डाळीतलं लोह शरीरात जायला तो अडथळा करतो, आपल्याकडे बायकांमध्ये हिमोग्लोबिनची बोंब आधीच आहे, तेव्हा जेवण झाल्यावर तासभर थांबा. ज्यांना लोहाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी तर हे पाळाच. आणि यात कॅफिन असतं, कॉफीपेक्षा कमी पण असतं, त्यामुळे रात्री झोपताना "हेल्दी" म्हणून ग्रीन टी घेऊन मग दोन वाजेपर्यंत जागणाऱ्या मैत्रिणींना माझं सांगणं, संध्याकाळी पाचनंतर नको.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो चहासाठी नाही, पाकिटांसाठी, कारण बऱ्याच बागा अजूनही इतकी पातळ प्लास्टिकची पिशवी वापरतात की एकदा फोडली की परत बंद होत नाही आणि तोडणी कुठल्या महिन्याची हे तर जवळजवळ कोणीच छापत नाही. पहिल्यांदा घेणाऱ्यांनी पन्नास ग्रॅमच मागवा, विक्रेत्याला फोन किंवा मेसेज करून तोडणीचा महिना विचारा, सांगितला नाही तर सरळ दुसरा विक्रेता बघा, आणि हो, पाकिटावर "हिमालयन ग्रीन टी" लिहिलंय म्हणजे तो कांगडाच असेल असं नाही, कांगडा हा शब्द आणि जीआयची खूण दोन्ही बघून घ्या.