नाशिकच्या घरात फायबर घ्यायचं तर ४०, १०० की ३०० एमबीपीएस?

पत्रकावर ३९९ छापलेले असतात आणि बिल येतं ४७१ चं. १८ टक्के जीएसटी पत्रकावर कधीच ठळक नसतो, म्हणून तुलनेला बसण्याआधी प्रत्येक आकड्याला १.१८ ने गुणून घ्या. ४९९ चे ५८९ होतात, ६९९ चे ८२५ आणि ९९९ चे १,१७९. जिओफायबरच्या पायऱ्या ३९९ ला ३० एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला ३० मेगाबिट, नेटचा वेग), ६९९ ला १००, ९९९ ला १५० आणि १,४९९ ला ३०० अशा आहेत. एअरटेलकडे ४९९ ला ४०, ७९९ ला १०० आणि ९९९ ला २०० मिळतात. ऑफर येतात-जातात, पण चढण साधारण अशीच राहते. गल्लीतला केबलवाला बहुतेक वेळा यापेक्षा थोडा स्वस्त पडतो, आणि सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर आणखी थोडा.

आता घरात खरोखर किती लागतं ते मोजू. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस मागतं, फोर-के साठी १५. ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगला ३ ते ४ पुरतात. रात्री नऊची वेळ धरा: हॉलमध्ये टीव्हीवर फोर-के सिनेमा, आतल्या खोलीत एकाची मीटिंग, मुलगी फोनवर एचडी व्हिडिओ बघतेय, आजी यूट्यूबवर कीर्तन ऐकतायत. बेरीज ३० च्या आसपास जाते. म्हणजे चार माणसांचं, एका टीव्हीचं घर ४० मध्ये बसतं, थोडं अंग चोरून. १०० मध्ये ते मोकळं बसतं. (सरकारी व्याख्येत २०२३ पासून २ एमबीपीएसला ब्रॉडबँड म्हणतात, त्याआधी ५१२ केबीपीएसला म्हणत. त्या व्याख्येवर घर चालवायला जाऊ नका.)

मोठा वेग कळतो तो मोठी फाइल उतरवताना. ५० जीबीचा एखादा गेम घेतला तर:

| प्लॅन | ५० जीबी उतरायला |
|---|---|
| ४० एमबीपीएस | पावणेतीन तास |
| १०० एमबीपीएस | १ तास ७ मिनिटं |
| ३०० एमबीपीएस | २२ मिनिटं |
| १ जीबीपीएस | ७ मिनिटं |

हे सगळे वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवरचे आदर्श आकडे. महिन्यातून एकदा गेम उतरवणाऱ्या पोराने तो रात्री लावून झोपावं. त्यासाठी वर्षभर ३०० चं भाडं भरायला कारण नाही. रोज व्हिडिओ एडिट करून क्लाउडवर चढवणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याने अपलोडचा वेग विचारावा. काही प्लॅन दोन्ही बाजूंनी सारखे असतात, काहींत अपलोड निम्म्याहून कमी असतो, आणि पत्रकावर फक्त डाउनलोड छापलेला असतो. घराबाहेर क्लाउडवर साठवणारे दोन-तीन कॅमेरे लावले असतील तर तेही प्रत्येकी १-२ एमबीपीएस अपलोड सतत खात राहतात.

'अनलिमिटेड'लाही मर्यादा असते. मोठ्या कंपन्यांच्या फायबरवर ती सहसा महिन्याला ३.३ टीबी, म्हणजे दिवसाला ११० जीबी. एचडी व्हिडिओ तासाला सुमारे ३ जीबी खातो. घरात एकाच वेळी दीड टीव्ही अखंड चोवीस तास चालवले तर ही मर्यादा गाठता येईल, म्हणून तिची चिंता सोडा. मर्यादा १ टीबीची असेल तर दिवसाला अकरा तास एचडी, तेही बऱ्याच घरांना भरपूर. फक्त मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो ते विचारून ठेवा.

इथवर १०० एमबीपीएस हे उत्तर आलं. तरी ३०० चा प्लॅन घेऊनही बेडरूममध्ये ४० च मिळतात ही तक्रार घरोघरी ऐकू येते. तिचं मूळ शेवटच्या दहा मीटरमध्ये असतं.

स्वस्त कनेक्शनबरोबर येणारा वायफायचा बॉक्स (राउटर) अनेकदा सिंगल बँड असतो, म्हणजे फक्त २.४ गीगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारा. त्यावर फोनला प्रत्यक्षात ३० ते ६० एमबीपीएस मिळतात, मग मागून हजार येत असले तरी. सिडकोसारख्या खेटून घरं असलेल्या वस्तीत शेजारच्या पंधरा-वीस वायफायची गर्दी त्याच तीन चॅनेलवर (१, ६ आणि ११) असते, तिथे २० ही मिळाले तर नशीब. दुसऱ्या, ५ गीगाहर्ट्झच्या बँडवर जागा भरपूर आणि वेग दोनशे-तीनशेपर्यंत जातो, पण तो भिंतीला बिचकतो. चार इंची विटेच्या दोन भिंती कशाबशा ओलांडतो. जुन्या नाशकातल्या वाड्याची जाड भिंत किंवा गंगापूर रोडच्या बंगल्यातला काँक्रीटचा स्लॅब त्याला जवळजवळ अडवतोच. वाड्यात आणि तिमजली बंगल्यात एका राउटरवर भागवायचा हट्ट करू नका.

दुसरी गाठ लॅनमध्ये, म्हणजे घरातल्या तांब्याच्या नेट-केबलमध्ये आणि तिच्या पोर्टमध्ये असते. बॉक्सचा किंवा टीव्हीचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असेल तर स्पीड टेस्ट ९४-९५ वर येऊन थांबते, पुढे हलतच नाही. हा आकडा दिसला की प्लॅनला दोष देऊ नका. केबलमध्ये आठऐवजी चारच तारा जोडल्या असतील तरी हेच होतं. क्रिम्पिंग करणारा (केबलला टोक बसवणारा) घाईत असला की चारच जोडतो.

म्हणून हिशेब असा करा. जिओच्या ६९९ वरून ९९९ वर, म्हणजे १०० वरून १५० वर उडी मारली तर करासकट वर्षाला ४,२४८ रुपये जास्त जातात. तेवढ्यात साधी दोन नगांची मेश (घरभर वायफाय पसरवणारी राउटरची जोडी) येते किंवा चांगला ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही), गीगाबिट (१ जीबीपीएस पोर्टचा) राउटर येऊन वर पैसे उरतात, आणि ती वस्तू चार वर्षं टिकते. १०० एमबीपीएस आणि नीट वायफाय हे जोडकाम ३०० एमबीपीएस आणि फुकटचा बॉक्स यापेक्षा वापरायला सरस पडतं. राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीवर ठेवा. टीव्हीच्या मागे, फ्रिजवर किंवा लोखंडी कपाटात नको. टीव्ही आणि ऑफिसचा लॅपटॉप शक्य असेल तर वायरने जोडा, म्हणजे हवेतली गर्दी तेवढी कमी होते.

जोडणीच्या दिवशी माणसाच्या शेजारी उभं राहायला लाजू नका. दारातून येणारी पांढरी किंवा काळी ड्रॉप वायर आतून काचेची असते. चौकटीच्या कोपऱ्यात ती काटकोनात दाबून खिळा ठोकला की प्रकाश तिथेच गळतो. वळण निदान बाटलीच्या बुडाएवढं गोल हवं. टोकाचा कनेक्टर हिरवा असेल तर बॉक्सचं तोंडही हिरवंच असावं. हिरव्यात निळा घुसतो, दिवाही लागतो, पण सिग्नल पडलेला असतो आणि नेट तुटायला लागतं. टोक बोटाने पुसू नये, डोळ्यासमोर धरून आत बघू तर अजिबात नये. शेवटी पॉवर मीटर (वायरीतून येणारा प्रकाश मोजणारं यंत्र) लावून आकडा दाखवायला सांगा: उणे १८ ते उणे २४ डीबीएम म्हणजे छान, उणे २७ च्या पलीकडे म्हणजे कधीही जाईल. तो आकडा भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. सहा महिन्यांनी लाल दिवा लुकलुकू लागला की नवा आकडा त्याशेजारी ठेवला म्हणजे बिघाड वायरीत आहे की नाही ते तिथेच कळतं.

मोठी कंपनी की केबलवाला? इथे वेगापेक्षा एक साधा प्रश्न उपयोगी पडतो: घरात येणारी वायर फायबरची आहे की लॅनची? खऱ्या फायबरमध्ये एक्स्चेंज आणि घर यांच्यामध्ये विजेवर चालणारं काहीच नसतं; खांबावरचा स्प्लिटर नुसता प्रकाश वाटतो, बहुधा एका धाग्यावर ३२ किंवा ६४ घरांना. काही स्वस्त जोडण्यांत मात्र फायबर जिन्याखालच्या पेटीपर्यंत येतो, तिथे एक स्विच (घराघरात नेट वाटणारी, विजेवर चालणारी डबी) असतो आणि पुढे लॅन. सोसायटीची लाईट गेली की तो स्विच बंद, मग तुमच्याकडे इन्व्हर्टर असून उपयोग शून्य. फायबर थेट घरात असेल तर बॉक्स १२ व्होल्टवर चालतो. हजार-दीड हजाराच्या मिनी यूपीएसवर तो दोन-तीन तास काढतो आणि महावितरणच्या शटडाउनमध्येही मीटिंग चालू राहते. यूपीएस घेताना अडॅप्टरवरचे अँपिअर आणि पिनचा आकार जुळवून घ्या.

खांबावरून लोंबणाऱ्या वायरी उंच ट्रकला आणि मिरवणुकीतल्या देखाव्यांना अडकतात. जमिनीखालची वायर जेसीबीच्या दातांत सापडते, आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात जी खोदाई चालली आहे तिच्यात कोणाचीच लाईन सुरक्षित नाही. त्यामुळे तुटणार हे धरून चला आणि जोडायला कोण, किती वेळात येतं ते विचारा. हे उत्तर कंपनीच्या नावावर मिळत नाही, गल्लीवर ठरतं. इंदिरानगरात दोन तासांत येणारी टीम म्हसरूळला दोन दिवस लावू शकते. खालच्या मजल्यावरच्याला विचारा, मागच्या पावसाळ्यात किती वेळा आणि किती तास गेलं. जमल्यास रात्री साडेनऊला त्याच्याकडे वायर जोडून स्पीड टेस्ट करून बघा; दुपारची टेस्ट सगळ्यांचीच सुंदर येते.

मळ्यात घर असेल, गिरणारे किंवा दुगावच्या बाजूला, तर फायबर वस्तीपर्यंत येईलच असं नाही. तिथे एअरफायबर, म्हणजे ५जी टॉवरवरून गच्चीतल्या डबीत येणारं नेट. जिओकडे ५९९ ला ३०, ८९९ ला १०० एमबीपीएस आणि १ टीबीची मर्यादा. फायबर मिळत असताना हे घेऊ नका: दर जास्त, संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की वेग खाली, गेममध्ये पिंग (उत्तर यायला लागणारा वेळ) नाचतो. फायबर नसेल तर मात्र हॉटस्पॉटपेक्षा कितीतरी बरं.

आणि ज्यांना मुळीच नको असेही आहेत. दोघंच घरात, व्हॉट्सॲप, बातम्या, नातवंडांचा व्हिडिओ कॉल एवढंच असेल तर फोनमधले रोजचे २ जीबी उरतात. फक्त स्मार्ट टीव्ही आणू नका, कारण एचडीवर ते २ जीबी चाळीस मिनिटांत संपतात. टीव्ही आला की ३०-४० चं कनेक्शन घ्यावंच लागतं, आणि तेवढं पुरतंही.

वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी एक महिना सुटा घ्या, जरा महाग पडला तरी. बॉक्स भाड्याचा असेल तर अनामत किती आणि ती लेखी आहे का ते बघा. बंद करताना बॉक्स, अडॅप्टर दोन्ही परत द्या आणि सीरियल नंबर लिहिलेली पावती घ्या. अडॅप्टर राहून गेला म्हणून अनामत अडकल्याची भांडणं सगळ्यात जास्त होतात.